पाहुणीला पाणी

वस्तीचा ठराव एकमताने झाला होता, आणि वस्तीत एकमत होणं हीच मुळात काळजीची बाब होती. ठराव असा: पाण्याच्या पाहणीला जे कुणी येईल, त्याला पाणीसुद्धा विचारायचं नाही.

कारण मागच्या पाहणीला आलेल्या साहेबापुढे वस्तीने घरोघर तांब्या-भांडं केलं होतं. साहेब पोटभर प्यायला आणि 'घरात पिण्याचं पाणी उपलब्ध' असं लिहून गेला. घरोघरी नळ देण्याच्या यादीतून वस्ती उडाली ती तीन वर्षांसाठी. पाहुणचार अंगाशी आला.

टेकाडावरचं पहिलं घर बटणवहिनीचं. घरबसल्या शर्टांना काज-बटण करून देते, म्हणून हे नाव. खालच्या सार्वजनिक नळापासून तिच्या दारापर्यंत एकशे बारा पायऱ्या, दिवसाला चार खेपा. डॉक्टरांनी गुडघ्याला पायऱ्या बंद करायला सांगितल्या होत्या. पायऱ्यांना कुणी सांगितलं नव्हतं. यंदा घरात नळ आला नाही तर गुडघा कायमचा रजेवर जाणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

भर दुपारी पाहणीवाली आली. पंचविशीची पोर, गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाईल, चेहरा लालबुंद. आली ती उंबऱ्यातच बसली आणि खोकायला लागली.

बटणवहिनीने सुईत दोरा ओवायला घेतला. तो आधीच ओवलेला होता.

"अगं, पोरीला पाणी दे," खाटेवरून सासूबाई म्हणाल्या.

"आई, ठराव झालाय ना."

"ठरावाला घसा नसतो. दे."

"बैठकीत तुम्हीही हात वर केला होता."

"घाम पुसत होते मी."

"राहू द्या काकू," पोर खोकत खोकत म्हणाली, "मला सवय आहे."

एवढं ती बोलली नसती तर बटणवहिनी कदाचित टिकलीही असती. तिने पेला भरून पुढे केला. पोरीने तो एका दमात रिकामा केला, मोबाईल उघडला आणि तिथेच अडली.

"काकू, का दिलंत? आता मला 'हो' लिहावं लागेल."

"'नाही' लिही की," सासूबाई म्हणाल्या. "आम्ही कुणाला सांगतोय?"

"प्यायले ना मी, आजी. खोटं कसं लिहू?"

सरकारी कामात एखादं तरी प्रामाणिक माणूस भेटावं, अशी बटणवहिनीची फार वर्षांची इच्छा होती. ती नेमकी आज पुरी झाली.

"मग यादी?" तिने विचारलं.

"यादीला 'नाही' लागतं." पोरीने मान खाली घालून 'हो'वर बोट टेकवलं. "तीन वर्षांनी परत पाहणी होईल, काकू."

"तेव्हा मी नसेन," सासूबाई म्हणाल्या. "तेवढंच पाणी वाचेल."

पोरीने पुढचा प्रश्न वाचला. "घरात पाणी कुठून येतं? नळ, विहीर, टँकर की इतर?"

"सून आणते."

"तसा पर्याय नाही, आजी."

"मग टाक इतरात."

पोरीने टाकलं. बटणवहिनीने हंड्यात डोकावून पाहिलं. संध्याकाळच्या स्वयंपाकापुरतंही उरलं नव्हतं. तिने सुई कॉलरला टोचून ठेवली आणि हंडा कमरेवर घेतला.

"जरा सरक गं," ती पोरीला म्हणाली, आणि भिंतीला धरून पहिली पायरी उतरली.