बिनआमंत्रणाच्या अकरा जणी

निजामपुऱ्यात, खाली कापड विणणाऱ्या लूमचा खडखडाट आणि वरच्या मजल्यावर दर बुधवारी आमचा नाचाचा वर्ग. नवऱ्याचा मार खाल्लेल्या बायकांसाठी. मी सरला, निवृत्त हेडक्लार्क. तिथे फक्त हजेरी लिहायला जाते. माझे ‘हे’ जाऊन सहा वर्षं झाली, तरी घरात ताटली पडली की मी दचकते, ही गोष्ट वेगळी.

“झाड व्हा,” आसावरी मॅडम म्हणाल्या. त्या ठाण्याहून येतात, नाचातून मनावर उपचार करतात.

“कंचं झाड?” पुतळाबाईंनी विचारलं. “शेवगा झाले तं पोरं शेंगा तोडतील.”

सगळ्या झाडं झाल्या, दिपाली मात्र जागची हलेना. दोन वर्षांपूर्वी एका हळदीत नाचताना नवऱ्यानं, भावेशनं, तिला दंड धरून भर मांडवातून ओढत नेलं होतं. तेव्हापासून वाजंत्री ऐकली की तिचे पाय थिजायचे. आता ती दिघाशीला माहेरी राहत होती. रविवारी दुपारी धाकट्या बहिणीची हळद होती, आणि भावेशही येणार होता.

“बहिणीच्या हळदीत न्हाय नाचले, तं मी अजून त्याच्याच हातात हाय,” ती म्हणाली. मला रडूच कोसळलं. मी हजेरीच्या वहीत तोंड खुपसलं.

मग ठरलं, आपण सगळ्यांनी जायचं. हळदीला आमंत्रण विचारतंय कोण!

टेम्पोतून आम्ही अकरा जणी उतरलो. मामाकडच्यांना आम्ही काकाकडच्या वाटलो, काकाकडच्यांना मामाकडच्या. दोघांनीही आग्रहानं जेवायला वाढलं.

वाजंत्र्यांचा बेंजो सुरू झाला आणि दिपाली थिजली. मॅडम “श्वास घ्या” म्हणत होत्या, पण त्या गोंगाटात ऐकू कुणाला जाणार? पुतळाबाई सरळ मांडवाच्या मधोमध शेवगा झाल्या. दिपालीला हसू फुटलं. हसता हसता तिचा एक पाय उचलला गेला, मग दुसरा.

तेवढ्यात भावेश आला. “चल बाहेर, बोलायचंय,” म्हणत त्यानं तिच्या दंडाकडे हात नेला. आम्ही नाचत नाचतच मध्ये घुसलो. मीसुद्धा, हजेरीवाली!

“थांब,” दिपाली म्हणाली. “गाणं संपू दे.”

चारचौघांत, एवढ्या बायकांच्या गराड्यात, तो बिचारा थांबला. पण हळदीतला बेंजोवाला गाणं संपवतो थोडंच! एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं. भावेश या पायावरून त्या पायावर झाला, खुर्ची शोधायला गेला, ती मिळाली नाही. तासाभरानं चपला शोधून निघून गेला. दिपालीचं लक्षही नव्हतं.

बत्तीस वर्षं मी यांचा राग शांत व्हायची वाट बघत बसले. पुरुषालाही ताटकळत ठेवता येतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.