पिवळी किनार

मी एक जुनी बॅडमिंटनची जाळी आहे. सध्या मी शेवग्याच्या रोपांभोवती उभी असते आणि शेळ्यांना लांबूनच जिभल्या चाटायला लावते. मित्रांनो, माझा जन्म मात्र खेळासाठी झाला होता. एका क्लबच्या अंगणात पिसांची शटलं माझ्यावरून उडायची आणि माझ्यात अडकली की सगळे मलाच बोल लावायचे. पुढे मी दोन ठिकाणी फाटले आणि अडगळीत पडले. तिथून मला कोंबड्या पाळणाऱ्या सूनबाईंनी उचललं. त्यांचे ते उपकार मी विसरणार नाही.

त्यांनी मला शेडच्या मधोमध बांधलं. आसपास मानमोडीची साथ आली होती. त्या विषाणूने कोंबड्यांच्या माना वाकड्या व्हायच्या आणि त्या पटापट मरायच्या. सूनबाईंनी सगळ्या पिल्लांना लस दिलीच होती. त्यांचे सासरे हळद आणि शेवग्याचा पाला वाळवून पावडर करत. ती खाद्यात मिसळली तर पिल्लांची रोगाशी झुंजायची ताकद आणखी वाढते का, हे सूनबाईंना पाहायचं होतं. म्हणून माझ्या एका बाजूला पावडरचं खाद्य आणि दुसऱ्या बाजूला साधं. रक्ताच्या तपासणीत फरक दिसला नाही, तर पावडर बंद होणार होती.

सासरे मोठे हळवे. शेडमध्ये कोणी नसलं की ते पावडरचं खाद्य ओंजळीत घेत आणि माझ्यावरून हळूच पलीकडे ओतत. पिल्लं तुटून पडत. मला हसू यायचं आणि काळजीही वाटायची.

साथ ओसरली. दोन्हीकडची पिल्लं धडधाकट राहिली आणि तपासणीतही फरक निघाला नाही. पावडरचा उपयोग नाही, आता ती बंद, असं सूनबाईंनी ठरवलं. सासऱ्यांचा चेहरा उतरला. बिचाऱ्यांनी मायेपोटी आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता.

मला धुवायला काढलं, तेव्हा सूनबाईंचा हात थबकला. माझी वरची पांढरी किनार पिवळी झाली होती. खाद्याची भांडी तर जमिनीवर, मग हळद एवढ्या वर आली कशी?

“मामंजी, तुम्ही पलीकडेही वाढत होतात?”

“एकाच पंगतीत दोघांना वेगळं वाढायला हात धजला नाही गं,” ते म्हणाले.

सूनबाई रागावल्या नाहीत. पलीकडच्यांनाही लस दिलेली असते, ती वाऱ्यावर सोडलेली नाहीत, असं त्यांनी समजावलं आणि पुढच्या पिल्लांवर चाचणी पुन्हा केली. या वेळी सासरे यायचे आणि माझ्यात बोटं अडकवून, मला घट्ट धरून उभे राहायचे. हात सुटू नये म्हणून. मला इतक्या विश्वासाने आधी कोणी धरलं नव्हतं.

पावडरच्या बाजूची ताकद थोडी सरस निघाली. मात्र पावडर लसीच्या जोडीला द्यायची, लसीऐवजी नाही, असं जनावरांच्या डॉक्टरांनी बजावलं. मग पावडर सगळ्याच पिल्लांना मिळू लागली आणि मधल्या जाळीची गरज उरली नाही. मी आनंदाने बाहेर पडले.

मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्याआधी तिच्याकडे एकदा नीट बघा. तिनेही काही जपून ठेवलेलं असतं. सूनबाई मला अजून धुतात, फाटलं तर शिवतात. फक्त ती पिवळी किनार त्या घासत नाहीत.