आडनाव बदलून बघ

खांडबाऱ्याच्या बाजारपेठेत कर्ज देणाऱ्या कंपनीची नवी कचेरी उघडली होती. सुगंधाबाई वळवी तिथे कर्जासाठी तिसऱ्यांदा आल्या होत्या. तूर महिन्याभरात खळ्यावर येणार होती. तोवर डाळ भरडायचं यंत्र आलं नाही, तर बचत गटाची तूर यंदाही कच्चीच व्यापाऱ्याच्या घशात जाणार होती.

"आजी, परत नाही म्हणतंय," खिडकीतला ललित म्हणाला. "मन्हा हातमा काही नई शे. निर्णय मशीनचा."

"अकरा वर्षांत गटाच्या कर्जाचा एक हप्ता चुकला नाही. कारण काय सांगतं?"

"कारण सांगत नाही. लाल टिंब आलं की संपलं."

बाकावर छगनलाल शेटची सून प्रियल बसली होती. ती ओशाळून म्हणाली, "मावशी, मला तर चहा निवायच्या आत मिळालं. धंद्याला वर्षही झालं नाही माझ्या."

टिंब म्हटल्यावर सुगंधाबाईंना प्रियलच्या आजेसासऱ्यांची पेढी आठवली. तेव्हा त्या स्वतः बारा वर्षांच्या होत्या, वडिलांबरोबर पायरीशी उभ्या. शेटजी पहिलं विचारत, "कुठल्या पाड्याचा रे?" उत्तर ऐकलं की वहीत नावापुढे टिंब पडे. टिंबवाल्याला दुप्पट व्याज. वडिलांना वाटे, टिंब म्हणजे ओळख. घरी येऊन कौतुकाने सांगत, "शेट आपल्याला ओळखतो."

"ललित, तुझं मशीन जात विचारतं?"

"छे! नाव, आडनाव, गाव, कमाई. बस."

"गाव म्हणजे पाडाच विचारतं ना? झालं की मग. ते नुसते आकडे बसवून बघायचं पान काढ, ज्यातून अर्ज पुढे जात नाही ते. माझंच सगळं भर. फक्त आडनाव नि गाव प्रियलचं टाक."

"शेटाणी व्हायचंय का, आजी?"

"दोन मिनिटं होऊ दे की."

टिंब हिरवं झालं. ललितचं हसू मावळलं. त्याने स्वतःहून फक्त आडनाव पुन्हा वळवी केलं. लाल.

आतून व्यवस्थापक श्रेणिक आले. पडद्याकडे बघून त्यांनी आवाज खाली आणला. "बाई, तुमचा अर्ज मी स्वतः वर पाठवतो. यंत्र आलंच समजा. फक्त बाहेर बोलू नका."

यंत्र आलंच! 'हो' अगदी जिभेवर आलं होतं. सुगंधाबाईंनी ते गिळलं.

"साहेब, आमच्यात नवाई असते. नवं धान्य देवाला दाखवायचं, मग सगळा पाडा एकदम खातो. आधी एकटीने तोंडात टाकलं, तर माझ्यासारख्या म्हातारीलाही दंड बसतो."

"म्हणजे?"

"आमच्या पाड्यातले सतरा अर्ज लाल झालेत. सतराही पाठवा. आणि ही दोन्ही पानं छापून द्या."

"ते नियमात बसत नाही."

"मग नंदुरबारला तुमच्या मोठ्या साहेबांना तोंडाने सांगते. गाडी आहे दुपारची. प्रियल, येशील?"

प्रियलने रस्त्यापलीकडच्या सासऱ्यांच्या दुकानाकडे एकदा पाहिलं. "येते, मावशी. माझे कर्जाचे कागद घेऊनच येते."

श्रेणिक काही बोलायच्या आत ललितने छपाईचं बटण दाबलं. कोमट कागद सुगंधाबाईंनी पासबुकात घडी करून ठेवले आणि खुर्ची खिडकीजवळ ओढून घेतली.

"गाडीला वेळ आहे अजून. काढ पाड्यातला एकेक अर्ज, असंच आडनाव बदलून बघू. पहिला आमच्या गटातल्या सीमाचा. माझा शेवटी."