हालिना विद्यापीठ दाखवते

सेंट ओसविन विद्यापीठात पाहुण्यांना हिंडवणाऱ्या विद्यार्थ्यांनी उलटं चालायचं असतं. तोंड पाहुण्यांकडे, पाठ जगाकडे, आणि चेहऱ्यावर असं हसू की जणू इथे परीक्षा होतच नाहीत. हालिना ग्राबोव्स्की या कलेत इतकी मुरली होती की खांब, कबुतरं आणि सायकलवाले तिला पाठीनेच कळायचे. मार्चमधल्या त्या शुक्रवारी मात्र तिचा पाय पहिल्याच पायरीवर चुकला. समोरच्या घोळक्यात तिची आई उभी होती. शेजारी धाकटा भाऊ कॉनरड, जांभई देत.

"आई? तू इथे कशी?"

"कॉनरडच्या शाळेला सुट्टी आहे. म्हटलं कॉलेज बघून येऊ," डानुटाबाई म्हणाल्या. "आणि ओळख दाखवू नकोस, हालिन्का. तू कामावर आहेस. आम्ही पाहुणे."

कॉनरड इथेच शिकायला येणार, असा हालिनाने अर्थ लावला. ग्राबोव्स्कींचं घर याच शिकागोत, एका बसच्या अंतरावर. तरी तिने भांडून वसतिगृहात जागा मिळवली होती. कारण घरी ती थोरली, म्हणजे कॉनरडच्या डब्यापासून त्याच्या हरवलेल्या मोज्यांपर्यंत सगळ्याला जबाबदार. इथे तिला कुणी मोजे विचारत नव्हतं. आता तिचं शेवटचं वर्ष यायचं आणि नेमका हा कॉनरड पहिल्या वर्षाला! म्हणजे मोठ्या कष्टाने साठवलेला सगळा मोकळेपणा बुडीत खाती.

खोटं सांगून त्याला पळवावं, तर नोकरीही जाईल आणि पापही लागेल. तिने ठरवलं, आज फक्त खरं सांगायचं. विद्यापीठांना खऱ्याइतकं दुसरं काही बाधत नाही.

सुरुवात ग्रंथालयापासून केली. "यामागून एल गाडी, म्हणजे पुलावरून धावणारी शहराची रेल्वे, जाते. ती गेली की इमारतीचे दात वाजतात. प्रवेशाच्या ऑफिसने आम्हाला शिकवलेलं वाक्य असं की आपण शहराच्या हृदयात आहोत. हृदय आहे खरं, पण धडधडतं फार."

तेवढ्यात गाडी गेली. खिडक्या थरथरल्या. इंडियानाहून मुलीला घेऊन आलेले मिस्टर हॉलोवे खो खो हसले.

"रात्री किती वाजेपर्यंत उघडं असतं?" डानुटाबाईंनी विचारलं.

"दोनपर्यंत."

"रविवारी पण?"

"रविवारी पण."

बाजारात कोबी पारखताना डोलावतात तशी त्यांनी मान डोलावली. हालिनाला काळजी वाटली. कॉनरडने आयुष्यात ग्रंथालयाची वेळ विचारली नव्हती; त्याच्या वतीने आई विचारत होती म्हणजे प्रकरण बरंच पुढे गेलं होतं.

अंगणात संत ओसविनचा पितळी पुतळा होता. अंगभर काळा, फक्त उजव्या पायाचा अंगठा सोन्यासारखा लख्ख. "परीक्षेआधी मुलं अंगठा चोळतात," हालिना म्हणाली. "गणितवाले म्हणतात ही अंधश्रद्धा आहे. म्हणून ते दोन्ही अंगठे चोळतात. डावा बघा, तोही निम्मा उजळलाय. तरी दरवर्षी गणितात सगळ्यात जास्त मुलं नापास."

"मग संत कशाचा?" हॉलोवे म्हणाले.

"संयमाचा असावा. इतकी वर्षं पाय देऊन उभा आहे."

घोळका हसला. कॉनरडसुद्धा. हालिनाने मनातल्या मनात डोक्याला हात लावला आणि सगळ्यांना मोठ्या व्याख्यानगृहात नेलं. तिथले बाक जुन्या चर्चमधून उचलून आणलेले होते. "यात गोची अशी, की लहानपणापासून दर रविवारी चर्चला गेलेलं पोर हा बाक दिसला की आपोआप एक गुडघा टेकतं, छातीवर क्रूस काढतं आणि मग बसतं. समोर फळ्यावर रसायनशास्त्र! मागच्या वर्षी आमच्या नास्तिक मंडळाचा अध्यक्ष अख्ख्या वर्गासमोर गुडघा टेकताना सापडला. बिचाऱ्याने दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला."

"स्वीकारला?" कुणीतरी विचारलं.

"नाही. बाकीच्यांचंही तसंच होत होतं."

तिचं बोलणं संपायच्या आत डानुटाबाईंचा गुडघा टेकला होता. त्या उठल्या, स्कर्टच्या चुण्या झटकल्या आणि कुणी पाहिलंच नाही अशा थाटात बाकावर बसून पाहू लागल्या. चांगलं दोन्ही हात पसरून.

खाणावळीत मासे तळल्याचा वास भरला होता. "ईस्टरपर्यंत उपासाचा काळ. दर शुक्रवारी मांस नाही, मासे चालतात," हालिना म्हणाली. "एरवी ज्यांना देव आठवत नाही, त्यांना शुक्रवारी दुपारी बरोबर बर्गर आठवतो."

"आम्ही कॅथलिक नाही," हॉलोवे जरा चाचरत म्हणाले. "म्हणजे... चालतं ना?"

"माझी खोलीतली मैत्रीण नुसैबा मुसलमान आहे. रविवारी रात्रीच्या प्रार्थनेला ती माझ्यापेक्षा नेमाने जाते, कारण नंतर धिरडी मिळतात, वर मेपलचा पाक. फादर म्हणतात, 'निदान एक तरी वेळेवर येते.' धर्मशास्त्राचे दोन विषय मात्र सक्तीचे. त्यात नास्तिकांना सगळ्यात जास्त गुण पडतात. ते वाचून येतात. आम्ही जन्मापासून येतं म्हणून बसतो आणि आपटतो."

हॉलोवेंची मुलगी वडिलांच्या कानात म्हणाली, "बाबा, हेच." बाजूच्या दोन कुटुंबांतही तशीच कुजबुज झाली. हालिनाने हिशेब घातला: पळवायचा होता एक, गळाला लागले तीन. आणि आपण मघापासून हातवारे करतोय, हसतोय, हेही तिच्या उशिरा लक्षात आलं.

फेरी संपली. आई पाण्याच्या नळाकडे गेल्यावर तिने कॉनरडला कोपऱ्यात घेतलं.

"काय, हालिनाबाई," तो म्हणाला, "शिव्या देत होतीस की लग्न जमवत होतीस? घरी जेवताना तर 'बरंय' यापलीकडे कॉलेजचा शब्द नाही."

"तुला आवडलं का ते सांग."

"मला? मी जूनपासून इलेक्ट्रिशियनकडे उमेदवारीला जातोय. पक्कं झालंय. तू फोन उचलला असतास तर कळलं असतं."

"मग आलास कशाला?"

"सोबतीला. तिला एकटीने यायची लाज वाटत होती."

डानुटाबाई रुमालाने ओठ टिपत आल्या. मुलाचा चेहरा पाहून कळलं त्यांना. "सांगितलंस ना, चोंबड्या? बरं झालं." मग हालिनाकडे न बघता, "माझं कॉलेजचं एक वर्ष झालं होतं, तुझ्या जन्माआधी. ते धरतात का अजून? संध्याकाळचे वर्ग असतात असं ऐकलंय."

असतात, आणि त्यांची इमारत थंडीत गारठते, आणि मास्तर दमलेले येतात. सगळं खरंच होतं. एवढं सांगितलं की काम फत्ते. हालिनाने तोंड उघडलं.

"मी आई म्हणून येणार नाही," डानुटाबाई घाईघाईने म्हणाल्या. "भेटलीस तर मान हलवीन, बस्स. आणि जेवायला माझ्या टेबलावर येऊ नकोस. माझ्या मैत्रिणी काय म्हणतील?"

"तुझ्या कुठल्या मैत्रिणी?"

"होतील की! तुलाच होतात का?"

कॉनरड छताकडे बघायला लागला. हालिनाने उघडलेलं तोंड मिटलं. मग आजूबाजूला ऑफिसचं कुणी नाही असं पाहून आईचा दंड धरला आणि तिला खांबाआड नेलं.

"धर्मशास्त्र फादर डॉनेलीकडे घेऊ नकोस," ती हळूच म्हणाली. "गोड बोलतात आणि निबंधाचं रक्त काढतात. सिस्टर पर्पेच्युआकडे घे. ओरडते, पण शिकवते. संध्याकाळच्या इमारतीत कोट काढू नकोस, आणि खिडकीची बाजू सोड. जुनं वर्ष धरतात का ते ऑफिसच्या खिडकीवरच्या माणसाला विचारू नकोस, तो आधी नाहीच म्हणतो. आत जाऊन विचार. आणि गणित पहिल्याच सत्रात..."

ती बोलत राहिली. डानुटाबाई ऐकत राहिल्या. एकदाही मध्ये बोलल्या नाहीत. ग्राबोव्स्कींच्या घरात हे आजवर झालेलं नव्हतं.