शमावूच्या मयताची दुरुस्ती

फाइदाच्या आईनं लेकीचं नाव मोठ्या आशेनं ठेवलं होतं. काँगोतल्या त्यांच्या बोलीतही त्याचा अर्थ आपल्यासारखाच. पण स्वतःचं रेडिओ केंद्र काढल्यापासून फायद्याचं तोंड काही फाइदानं पाहिलं नव्हतं. सरकारी कर्नलची जाहिरात तिनं नाकारली, जंगलातल्या बंडखोरांनी पाठवलेला जनरेटर आल्या वाटेनं परत धाडला. तिला कुणाच्याच ताटाखालचं मांजर व्हायचं नव्हतं. लुहोकोच्या टेकडीवरचा तो रेडिओ चालायचा लोकांनी पैसे देऊन वाचायला लावलेल्या निवेदनांवर. हरवलेली बकरी, शाळेची फी, आणि मुख्य म्हणजे मयत. फोनचे मनोरे लढाईत पडले ते पडलेच, त्यामुळे कोण गेलं आणि माती कधी, हे डोंगरापलीकडच्या सोयऱ्यांना फाइदाच सांगायची. ती बोलली की ते खरं, मग तिथं दुसऱ्या साक्षीची गरज नसे.

अशात खाणीत दरड कोसळली. एक प्रेत वर काढलं, चेहरा ओळखण्यापलीकडे गेलेला, खिशात गावातल्या शमावूचं मतदार कार्ड. शमावूचा भाऊ ते कार्ड घेऊन रेडिओवर आला. एरवी फाइदा घरच्या दुसऱ्या माणसाला विचारल्याशिवाय मयत वाचत नसे, पण त्या दिवशी जनरेटरमधलं तेल संपत आलं होतं. तिनं वाचून टाकलं. घरामागच्या केळीत खड्डा खणला, बायको नाबिंटूनं डोकं भादरलं, सगळं रीतसर झालं.

आणि एके दिवशी भर दुपारी शमावू रेडिओच्या पायऱ्या चढून आला.

"मामाँ फाइदा, मला जिवंत कर," तो म्हणाला.

खाणीच्या वाटेवरच्या चौकीवर कार्डाशिवाय सोडत नाहीत, म्हणून त्यानं आपलं कार्ड दोस्ताला दिलं होतं आणि स्वतः सरोवरातल्या बेटावर मासे धरायला गेला होता. मेला तो दोस्त.

"घरी जाऊन आलास का?"

"गेलो होतो. नाबिंटूनं खिडकीतून बघितलं. मी पोरांना हाका मारल्या, तर तिनं त्यांच्या तोंडावर हात ठेवले. ओ देऊ नका म्हणाली, मेलेल्याला ओ दिली की तो घेऊन जातो. मग मक्याच्या पिठाच्या बुगालीची थाळी बाहेर ठेवली."

"कुठं?"

"माझ्या कबरीवर." तो ओशाळून हसला. "भूक लागली होती. खाल्ली."

यंत्रं सांभाळणारा म्हातारा चुबाका आतून ऐकत होता. "दुरुस्ती वाचलीस तर उद्यापासून कोण येईल आपल्याकडे? आजवर एक शब्द मागे घेतलेला नाही आपण."

"पापा चुबाका, माणूस समोर उभा आहे."

"उभा आहे खरा," चुबाका म्हणाला, पण बघत राहिला दुसरीकडेच.

फाइदानं दुरुस्ती वाचली. चूक रेडिओची, शमावू जिवंत आहे, त्याला घरात घ्या. बोलताना तिचा आवाज कापला. लाजेनंच, दुसरं कशानं?

संध्याकाळच्या आत बायका टेकडी चढून आल्या. कुणी वाळके मासे आणले, कुणी केळी. म्हाताऱ्या मवांगानं तिचे हात उलटसुलट करून मनगटं बघितली, मान बघितली.

"मारलं तर नाही ना गं? किती जण होते बंदुका घेऊन?"

"कुणी नव्हतं, मामाँ. माझी चूक झाली."

"बरं, नव्हतं तर नव्हतं," मवांगा समजुतीनं म्हणाली. "आम्ही दोष देतोय का तुला?"

फाइदाला तेव्हा कुठं उमगलं. इतकी वर्षं या लोकांनी इतर रेडिओंवर दुरुस्त्याच ऐकल्या होत्या. काल गाव जळालं, आज म्हणे जळालंच नाही. काल बायका पळवल्या, आज म्हणे त्या लग्नाला गेल्यात. दुरुस्ती वाचणाऱ्याचा आवाज दर वेळी कापायचा. कापऱ्या आवाजातली दुरुस्ती म्हणजे पहिली बातमी सोळा आणे खरी, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. शमावूला तिनं एकदा चुकून मारलं होतं, आता पुरावा देऊन मारलं.

तिनं त्यालाच माइकसमोर बसवलं. तो बोलू लागला, बायकोचं नाव घेतलं, पोरांची नावं घेतली. खाली टेकडीभर घराघरांत रेडिओ चालू होते. ते एकेक करत बंद झाले. शेवटचा बंद झाला तेव्हा खिडकीतून नुसता वारा येत होता, आणि शमावू बोलतच होता.

त्यानंतर तो रेडिओच्या पायरीवरच बसू लागला. येणारे त्याला वळसा घालून आत येत. निवेदनं वाढली होती. मारहाण सोसूनही कापऱ्या आवाजातून खरं कळवणारी बाई म्हणून फाइदाचं नाव झालं होतं. तिला त्या पैशांची शिसारी येई, पण तेल त्यातूनच यायचं. शमावू हळूहळू कमी बोलू लागला. हाका मारणं तर त्यानं सोडूनच दिलं.

मग एका सकाळी नाबिंटू आली. डोक्यावर बारीक केस उगवले होते. दुखवटा उठवल्याचं निवेदन द्यायचं होतं. ते झाल्याशिवाय विधवेला बाजारात बसता येत नाही, की दुसरा घरोबा करता येत नाही. पायरीवर ती नवऱ्याच्या इतक्या जवळून गेली की तिचा पदर त्याच्या गुडघ्याला लागला.

"मी हे वाचणार नाही," फाइदा म्हणाली. "नाबिंटू, मागं वळून बघ."

नाबिंटूनं मान वळवली नाही. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "पोरं उपाशी आहेत, मामाँ. वाच."

"वाच," दारातून शमावू म्हणाला. "मला तर कुणी घरात घेत नाही, निदान त्यांना तरी खायला मिळू दे."

फाइदानं वाचलं. या वेळी आवाज कापला नाही. टेकडीवरचा एकही रेडिओ बंद झाला नाही.

नाबिंटू गेल्यावर शमावू उठला. बेटावर जातो म्हणाला, तिथं रेडिओ लागत नाही. निरोपासाठी त्यानं हात पुढं केला. फाइदाला तो हात धरायचा होता, मनापासून धरायचा होता. पण तिचा हात काही केल्या वर उठेना.