सुपांग आजींचं खरं वजन

मी एक जुनं विमान आहे, मित्रांनो, आणि मला माझ्या पायांचा फार अभिमान आहे! इतर विमानं उडाली की चाकं पोटात लपवतात. माझी चाकं कायम बाहेर, जाडजूड, चिखलाने माखलेली.

माझा जन्म एका बर्फाळ देशातल्या कारखान्यात झाला. माझ्या आधीच्या भावंडाला एकच इंजिन होतं. ते एवढ्याशा मैदानातूनही उडायचं, पण इंजिन रुसलं की सगळंच संपलं. म्हणून तिथल्या इंजिनिअरांनी मला लांब केलं आणि दोन टर्बाइन इंजिनं बसवली. एक थकलं तर दुसरं घरी आणेल. पंखांच्या मागे मोठ्या झडपा लावल्या. त्या खाली वाकवल्या की मी हळू धावतानाही उचलला जातो. माझ्या काही भावंडांना बर्फावर घसरायला पट्ट्या मिळाल्या, काहींना पाण्यावर उतरायला होड्या. मला मिळालं सारावाक नावाच्या, दूरच्या बेटावरच्या जंगली मुलखातलं पा तारिप हे डोंगरगाव.

केलाबित लोकांच्या या गावाची धावपट्टी म्हणजे गवताचा एक तुकडा. एका टोकाला भाताची खाचरं, दुसऱ्या टोकाला दरी. मी इथे काय नाही आणलं? छपराचे पत्रे, कोंबडीची पिल्लं, पुस्तकं, डॉक्टर, एक नवरी आणि एकदा तर चर्चचा पियानो! रस्ता नव्हताच. जे आलं ते माझ्या पोटातून आलं.

धावपट्टी आखूड, म्हणून चढण्याआधी सामानाबरोबर माणसांचंही वजन व्हायचं. काट्यापाशी गेरावत उभा असे. वायरलेस तोच सांभाळायचा, पट्टीवरच्या म्हशी तोच हाकलायचा आणि आकडा गावभर ऐकू जाईल असा वाचायचा.

सुपांग आजी वैतागायच्या. “मनात वाच की रे. सगळ्या गावाला कशाला?”

“गावाला माहीतच आहे, आजी. मी विमानाला सांगतोय.”

पण एक गंमत होती. शहरातल्या नातेवाइकाकडे रिकाम्या हाताने जाणं इथे कुणाला जमतच नाही. त्यामुळे वजन झालं की लोक कुंपणापाशी जायचे आणि पलीकडून हळूच पुडकी यायची. तांदूळ, अननस, पानात गुंडाळलेलं मीठ. माझ्या एकट्याच्या चार किलोंनी काय होतंय, असं प्रत्येकाला वाटायचं. सुपांग आजींनी तर जॅकेटला आतून अकरा खिसे शिवले होते. मला सगळं कळायचं. माझ्या चाकांना किलोन् किलो कळतो. पण बोलता कुठे येतं?

मग ती सकाळ आली. आजींची सून रूरान हिला महिनाभर आधीच कळा सुरू झाल्या आणि रक्त जायला लागलं. नर्सबाई म्हणाल्या, दुपारच्या आत मिरी शहरातल्या हॉस्पिटलात पोचायलाच हवं. दुपारी डोंगरांमधली खिंड ढगांनी बंद होते. विमानात रूरान, नर्सबाई, आजी, मास्तर आणि मिरीला परीक्षेला निघालेली अकरा मुलं होती. रात्रभर पाऊस पडला होता, ओल्या गवतात चाकं रुततात, म्हणून गेरावतने आकडा अगदी काठोकाठ जुळवला होता.

मी धावलो. पट्टीच्या मध्यावर एक पांढरा दगड आहे. तिथपर्यंत चाकं हलकी झाली नाहीत तर थांबायचं, हा कॅप्टन लाबो यांचा नियम. दगड आला. चाकं जडच! कॅप्टननी ब्रेक दाबले, मला परत टोकाला आणलं आणि मागे वळून पाहिलं.

“कागद म्हणतो विमान हलकं आहे,” ते शांतपणे म्हणाले. “चाकं म्हणतायत जड आहे. मी चाकांचं ऐकतो.”

रूरान विव्हळली. तेव्हा तिचा हात सोडून आजींनी जॅकेटची बटणं काढली.

“अकरा खिसे आहेत. आणि कमरेला मीठ.”

मग काय! मुलांच्या शर्टांतून अननस निघाले, नर्सबाईंच्या पिशवीतून तांदूळ निघाला. मास्तरांच्या गिटारीच्या पेटीत वजन करताना गिटार होती, आता रानडुकराची तंगडी होती. मुलं खुदखुदली. मास्तर खिडकीबाहेर बघत बसले. गवतावर हा ढीग जमला.

पण पहिल्या धावेने पट्टीचा चिखल झाला होता. कॅप्टन म्हणाले, अजून एक माणूस कमी हवा. मास्तर उठले. आजींनी त्यांना खांदा धरून खाली बसवलं.

“तुम्ही उतरलात तर मिरीत ही पोरं कोण सांभाळणार? बाळ काय, मी नंतरही बघेन.”

ते त्यांचं पहिलं नातवंड होतं, मित्रांनो. त्या शिडी उतरल्या, ओल्या गवतातून चालत थेट काट्यावर जाऊन उभ्या राहिल्या.

“गेरावत, आकडा वाच.”

“अठ्ठेचाळीस, आजी.”

“मोठ्याने. विमानाला सांग.”

गेरावत ओरडला. आणि मी असा सुटलो, असा सुटलो की पांढरा दगड यायच्या आतच माझी चाकं हवेत होती! खिंडीत ढगांची दोन टोकं जुळतच होती. मी त्यांच्यामधून निघून गेलो.

संध्याकाळी वायरलेसवर निरोप आला. गेरावतने तो गावभर वाचला: मुलगी, दोन किलो चारशे, दोघी सुखरूप. सुपांग आजींनी एवढंच विचारलं म्हणे, “खरं वजन आहे ना?”

केलाबितांमध्ये नातवंड झालं की आजी-आजोबा जेवण घालून नवं नाव घेतात. आजींनी घेतलं आणि मलाही दिलं. तोवर माझ्या शेपटीवर नुसती अक्षरं होती. आता मला सगळे ‘तेपो’ म्हणतात. त्यांच्या भाषेत आजी आणि आजोबा दोघांना हाच शब्द, त्यामुळे मी आजी की आजोबा, हा वादच मिटला.

पुढे माझ्या जागी नवं विमान आलं. माझी इंजिनं काढून नेली आणि मला पट्टीच्या कडेला ठेवलं. पंखाखाली म्हशी बसतात. ती दोन किलो चारशेची मुलगी आता नऊ वर्षांची आहे. शाळा सुटली की गंजलेल्या काट्यावर उभी राहते, खिसे उलटे करून दाखवते आणि आपला आकडा मला ओरडून सांगते.

तुम्हीही माझ्या धाकट्या भावंडांत बसाल तेव्हा खिशात काय आहे ते सांगा. आम्ही ओझ्याला भीत नाही, फक्त ते आम्हांला माहीत असावं लागतं. आणि कधी पा तारिपला आलात तर पंप घेऊन या. डावं चाक बसलंय, थोडी हवा भरा. आजी रोज माझ्या सावलीत टेकतात. त्यांच्यासमोर लंगडं उभं राहायला बरं वाटत नाही.