काल येईन

माझं गाणं दुसऱ्या कुणी गायलं तर माझ्या पोटात दुखत नाही, हे आधीच सांगतो. जन्मभर साबणाच्या नि टूथपेस्टच्या जाहिरातींची गाणी लिहिली. ती कोण कुठे गुणगुणतं याची चौकशी करत फिरायला मला काय वेड लागलंय? पण हे एक गाणं तसलं नव्हतं.

ते आमच्या चिमणीचं होतं. चिमणी म्हणजे आमची मुलगी. काल आणि उद्या यांत तिचा कायम घोळ. 'उद्या मी पडले' म्हणून फुटका गुडघा दाखवायची आणि आम्ही हसून बेजार व्हायचो. दवाखान्यात शेवटचं भेटलो, नर्सने आम्हाला बाहेर जायला सांगितलं, तेव्हा म्हणाली, "बाबा, मी काल येईन घरी."

ती आली नाही. पुढे मी त्याचं गाणं केलं आणि ध्रुवपदात तिचे शब्द जसेच्या तसे ठेवले. माझ्या चिरक्या आवाजात ते रेकॉर्ड झालं. चार ओळखीची टाळकी सोडली तर कुणी ऐकलं नाही.

मग एका नावाजलेल्या गायिकेने ते गायलं. रीतसर विचारलं होतं, मीच खुशीत हो म्हटलं होतं. खोटं कशाला बोलू, गायली सुरेख, अंगावर काटा आला. आणि ध्रुवपदाला बया म्हणते, 'उद्या येईन'.

माझं डोकंच फिरलं. तडक तिचा स्टुडिओ गाठला. बाई मोठी लाघवी. गरम पाण्याचा पेला खाली ठेवून उठली, मला खुर्ची दिली. काल कुणी कसं येईल, लिहिताना चुकलं असेल असं सगळ्यांना वाटलं म्हणे, म्हणून माझी लाज राखायला तिने ते दुरुस्त केलं. मी चिमणीचं सांगितलं तर तिच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी आलं. पुढच्या मैफलीत तिने 'काल' म्हणून पाहिलंही. अख्ख्या सभागृहाने 'उद्या' म्हणत तिला सुधारलं.

आता सलूनमध्ये, लिफ्टमध्ये, बँकेच्या फोनवर ताटकळताना, जिकडे तिकडे उद्या येईन, उद्या येईन. लोकांना त्यातून फार धीर येतो म्हणे. आग लागो त्या धीराला.

घरी मी यातलं काही बोललो नव्हतो. चिमणीचा विषय आम्ही काढतच नाही. पण परवा बायको वाळलेल्या चादरींच्या घड्या घालत तेच गुणगुणत होती. मला राहवलं नाही. म्हटलं, अगं, निदान तू तरी नको. पोर काय म्हणाली होती ते आठव जरा.

"उद्या येईन, असंच म्हणाली ना," ती म्हणाली. "मी होते की तिथेच."

मला समजावायला म्हणत नव्हती ती. तिला तसंच आठवत होतं. ते वाक्य ऐकलेली आम्ही दोघंच. आता मी एकटा उरलो. निदान माझ्याजवळ तरी ते असू दे म्हणून मी डोळे मिटून पोरीचा आवाज आठवायला गेलो, तर कानात ती बाईच गायला लागली. अगदी सुरात.

"हो," मी म्हणालो. "उद्याच म्हणाली होती." आणि चादरीचं दुसरं टोक धरलं.